हातचलाखी की नजरबंदी?

प्रश्न असा आहे: पत्त्यांचे, नाण्यांचे खेळ करणाऱ्या जादूगाराच्या कलेला 'हातचलाखी' म्हटलं तर त्याला फसवणुकीचा वास येतो. मग 'नजरबंदी' म्हणावं का? की दोन्ही एकच?

एकच नाहीत. हातचलाखी हे करणाऱ्याच्या बाजूचं नाव, नजरबंदी हे पाहणाऱ्याच्या बाजूचं. नाणं तळहातात दडवून मूठ रिकामी भासवणं ही हातचलाखी. ते दडत असताना आपण भलत्याच हाताकडे बघत बसतो, ती नजरबंदी.

वास येतो हे मात्र खरं. 'चलाख' हा फारसी 'चालाक'वरून आलेला शब्द, आणि चलाख माणसाचं कौतुक आपण जरा जपूनच करतो. हिशेबातल्या लबाडीलाही 'आकड्यांची हातचलाखी' म्हणतात. संस्कृतात याच कसबाला 'हस्तलाघव' असा निर्मळ शब्द होता. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये तो आहे आणि इंद्रजाल तिथे निराळं मोजलं आहे. म्हणजे बोटांचं कसब वेगळं आणि आभास वेगळा, ही जाण जुनीच. लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. मराठीत त्यातला 'लाघवी' टिकला, पण तो बोलण्यावागण्याकडे गेला. हस्तलाघव बोलण्यात रुळलं नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता नजरबंदी. हिंदीत या शब्दाचा एक अर्थ एखाद्याला घरातच अडकवून ठेवणं असा आहे. त्यासाठी मराठीत 'नजरकैद' आहे, म्हणून आपली नजरबंदी जादूगारासाठी मोकळी राहिली. हल्ली बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते, ती टाळावी.

या शब्दात मला सर्वांत आवडतं ते हे, की त्यात डोळा नाही, नजर आहे. डोळे झाकणं वेगळं आणि नजर बांधणं वेगळं. 'नजर चुकवणे', 'नजर ठेवणे' यांत नजर म्हणजे लक्षच ना! गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे चपखल बसतो. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्यांदा चेंडू हातातच ठेवून फक्त उडवल्याचा आविर्भाव करतो आणि वर बघतो. 68 टक्के प्रेक्षकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला 'दिसला'. जादूगाराने वर न बघता हाताकडेच पाहिलं, तेव्हा हे प्रमाण 32 टक्क्यांवर आलं. गंमत म्हणजे, ज्यांना चेंडू वर गेलेला दिसला त्यांच्यातल्या बहुतेकांचे डोळे त्या जागी गेलेच नव्हते. डोळे फसले नाहीत, नजर बांधली गेली.

'गारूड' याच घरातलं. गरुड सापांचा वैरी, म्हणून सापाचं विष उतरवणारा तो गारुडी. पुढे हातचे खेळ करणाराही गारुडीच झाला आणि एखाद्या आवाजाचंसुद्धा आपल्यावर गारूड होऊ लागलं.

तेव्हा बोटांच्या सफाईची तारीफ करायची असेल तर हातचलाखी खुशाल म्हणा, वाक्यातल्या कौतुकाने तिचा वास जातो. सगळा खेळ पाहून थक्क झालात तर 'काय नजरबंदी केली!' असं म्हणा. करणी, चेटूक, जादूटोणा हे शब्द मात्र इथे आणू नयेत. त्यांत खऱ्या शक्तीचा दावा असतो. जादूगार तो करत नाही, आणि म्हणूनच आपण निर्धास्तपणे त्याच्या हाती नजर सोपवतो.