बॉयलर गेला, बिल कोणाकडे आले?

प्रश्न : अमेरिकेतली काही शहरे इमारतींतला गॅस काढून घर तापवणे, गरम पाणी, स्वयंपाक सगळेच विजेवर नेत आहेत. वीज गॅसपेक्षा महाग असताना यात गरीब भाडेकरू भरडला जाणार नाही का?

उत्तर : जाऊ शकतो. बहुतेक वेळा यंत्र तरी चुकते, नाहीतर मीटर. साधा विजेचा हीटर 1 युनिट विजेतून 1 युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण 3 युनिट मिळतात. कडाक्याच्या थंडीत 2 च्या आसपास. गॅस बॉयलरची कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी विजेचा दर गॅसच्या 3.3 पटींच्या (3 भागिले 0.9) आत असेपर्यंत हीट पंप परवडतो. बॉयलर जुना, 75 टक्क्यांचा असेल तर 4 पटींपर्यंत. हा भागाकार केल्याशिवाय कोणत्याही योजनेला होकार देऊ नये. साधे हीटर बसवणे मालकाला स्वस्त पडते. हीट पंपाच्या तिप्पट बिल मात्र भाडेकरू भरत बसतो.

खरी गोम मीटरची. न्यूयॉर्कच्या अनेक जुन्या इमारतींत तळघरात एकच बॉयलर असतो, वाफ सगळ्या मजल्यांवर जाते आणि इंधनाचा खर्च मालकाचा. बॉयलर काढून घरोघरचे हीट पंप भाडेकरूंच्या मीटरवर जोडले, की तो खर्च गुपचूप त्यांच्याकडे सरकतो. यंत्र उत्तम असले तरीही! तापवण्याचे सर्किट इमारतीच्या मीटरवरच ठेवावे, नाहीतर तेवढे भाडे कमी केल्याचे करारात लिहून घ्यावे. अनुदान देणाऱ्या शहराने हीच अट घालायला हवी. नुसते ‘भाडेवाढ नको’ लिहून भागत नाही.

प्रश्न : जुन्या घरात कामाचा क्रम काय ठेवावा?

उत्तर : आधी गळके छप्पर, ओल आणि वायरिंग. हातात पैसा नसलेल्यांचे काम इथेच अडते, कारण हीट पंपाला अनुदान मिळते तसे छपराला सहसा मिळत नाही. चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली शंभर वर्षांपूर्वीची वायर असेल तर तिच्याभोवती इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरू नका. ती मोकळ्या हवेत थंड राहते. झाकली की तापते.

मग फटी बुजवून माळ्यावर इन्सुलेशन घालावे आणि त्यानंतरच घराला लागणारी उष्णता मोजून यंत्र निवडावे. आधी यंत्र घेतले तर ते गरजेपेक्षा मोठे ठरते आणि सारखे चालू-बंद होत राहते. फटी बुजल्यावर घरात धुरांड्याचा गॅस गीझर उरला असेल, तर दारे-खिडक्या लावून सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करा, गीझर पेटवा आणि पाच मिनिटांनी त्याच्यावरच्या धुरांड्याच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर वर न ओढला जाता खोलीत पसरला, तर कार्बन मोनॉक्साइडही घरातच येतो आहे. गीझर लगेच बंद करा.

मेन बोर्ड मोठा करण्याची घाई नको. 240 व्होल्टवर 100 अँपिअर म्हणजे 24 किलोवॉट होतात, आणि शेगडी, गीझर, कपड्यांचा ड्रायर सगळे एकदम पूर्ण ताकदीने क्वचितच चालतात. ड्रायर आणि गाडीचा चार्जर आळीपाळीने चालवणारे उपकरण लावले तरी पुष्कळदा काम भागते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाने 2022 मध्ये खिडकीत बसणाऱ्या 30,000 हीट पंपांचा करार केला, तो याच विचाराने: 120 व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालेल असे यंत्र घेतले की नवे वायरिंग टळते.

प्रश्न : शहराने सरळ गॅसबंदीच का करू नये?

उत्तर : कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने 2019 मध्ये नव्या इमारतींपुरती ती केली. 2023 मध्ये अपील न्यायालयाने ती अडवली. उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम केंद्राच्या कायद्यात येतात, असे त्याचे म्हणणे. आणि बंदीने जुनी घरे सुटत नाहीतच. ऐपतवाले आधी गॅस सोडतात, जमिनीखालच्या गॅसच्या नळांचा देखभालखर्च मात्र तेवढाच राहतो आणि उरलेल्या थोड्या ग्राहकांवर वाटला जातो. म्हणून सुटी घरे न निवडता एक अख्खी गल्ली घ्यावी, सगळ्यांना एकदम विजेवर आणावे आणि तिथला नळ कायमचा बंद करावा. त्यात एक घर जरी अडून बसले, तरी त्याच्यासाठी सगळा नळ चालू ठेवावा लागतो.