शिल्लक : पोत्यांची की पैशांची?

प्रश्न : ताई, आमची सांगलीत हळदीची अडत आहे. मुलाने पेढीच्या हिशोबाला एआय एजंट जोडून दिलाय. त्याला माहिती काढायला दोन टूल (छोटे प्रोग्राम) दिली आहेत. एकाचं वर्णन ‘शिल्लक दाखवते’, दुसऱ्याचं ‘खात्याची माहिती देते’. परवा एका शेतकऱ्याची शिल्लक विचारली. मला त्यांना द्यायची रक्कम हवी होती, एजंटने गोदामातली पोती सांगितली. पुन्हा विचारलं तर बरोबर आलं. मॉडेल बदलावं का?

उत्तर : मॉडेल बदलू नका. ती दोन वर्णनं पत्रात लिहिलीत हे फार चांगलं केलंत, कारण घोळ तिथेच आहे. पेढीवर मालाचीही शिल्लक असते आणि पैशाचीही. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, यावरून तुमच्या दिवाणजींना ते कळतं. एजंटला तुमचा कोड दिसत नाही, गोदामही दिसत नाही. टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची त्याची यादी, एवढ्यावरच तो ठरवतो. दुसऱ्यांदा बरोबर आलं त्यावर विसंबू नका, उद्या परत चुकेल.

पहिल्या टूलचं वर्णन मी असं लिहीन :

‘शेतकऱ्याची न विकलेली किती पोती आज गोदामात आहेत ते सांगते. पैशांचा हिशोब यात नाही. येणं-देणं, उचल किंवा पट्टीची (विक्रीच्या हिशोबाची) रक्कम हवी असेल तर खात्याचं टूल वापरावं. उचल म्हणजे शेतकऱ्याने आगाऊ घेतलेले पैसे, माल उचलणं नव्हे. नुसती “शिल्लक” विचारली आणि माल की पैसे ते कळत नसेल, तर आधी विचारणाऱ्यालाच विचारावं.’

टूल काय करतं ते सगळे लिहितात. काय करत नाही आणि तेव्हा कुठे जायचं, हे बहुतेक जण सोडून देतात. एकमेकांजवळची दोन टूल असली की मला तीच वाक्यं सर्वात मोलाची वाटतात. शेवटचं वाक्य तर काढूच नका. एजंटने अंदाज बांधण्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारलेला बरा.

आता माहितीची यादी. ‘वजन’ एवढंच लिहिलंत तर किलो की क्विंटल? तिथे चूक झाली तर हिशोब शंभर पटीने फिरतो. म्हणून ‘वजन, क्विंटलमध्ये’ असं लिहा. ‘०५/०६’ म्हणजे पाच जून की सहा मे? तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच घ्यायची, आणि सोबत नमुना द्यायचा : २०२५-०६-०५. शेतकऱ्याचं नाव घेऊच नका, एका गावात एकाच नावाचे दोघे सहज निघतात. खाते क्रमांक घ्या, आणि तो कोणत्या टूलमधून शोधायचा तेही लिहा. अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये अशीच एक गोष्ट सांगितली होती. कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचे अर्धवट पत्ते चुकवायचा. टूलला नेहमी पूर्ण पत्ताच लागेल असा बदल त्यांनी केला आणि ती चूक थांबली. चुकायला जागाच ठेवली नाही, तर वर्णनावरचा भारही हलका होतो.

एक गोष्ट मात्र वर्णनावर सोडू नका. मी पूर्वी ज्या घरपोच किराण्याच्या कामावर होते, तिथे एका टूलचं वर्णन होतं ‘ऑर्डर रद्द करते’. एका बाईंनी विचारलं, ‘माझी ऑर्डर रद्द झाली का?’ एजंटने ते टूल चालवलं आणि ‘हो, झाली’ म्हणून कळवलं. त्या ऑर्डरमध्ये बाळाचं दूध होतं. वर्णन आम्ही त्याच दिवशी बदललं : ‘ग्राहकाने रद्द करायला स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरावं. ऑर्डरची स्थिती पाहण्यासाठी नाही.’ पण तेवढ्यावर थांबलो नाही. ग्राहकाने स्वतः होकाराचं बटण दाबल्याशिवाय ऑर्डर रद्दच होणार नाही, अशी सोय कोडमध्ये केली. तुमचा एजंट उद्या पट्टी करायला किंवा पैसे पाठवायला लागला, तर त्याआधी ही सोय हवीच.

प्रश्न : वर्णन मराठीत लिहिलं तर चालेल का? – हेच वाचक

उत्तर : चालेल. टूलच्या नावाला मात्र ओपनएआय आणि अँथ्रोपिक या दोघांकडेही रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि डॅश एवढंच चालतं. वर्णन दर वेळी मॉडेलकडे जातं आणि देवनागरीला टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचतं ते) सहसा जास्त लागतात, तेव्हा पाल्हाळ नको. पण उचल, पट्टी, आवक हे शब्द तसेच ठेवा, कारण विचारणारे तेच शब्द वापरणार.

नवी वर्णनं झाली की दिवाणजींना वाचायला द्या. कोणतं टूल केव्हा वापरायचं ते त्यांना नुसत्या वाचनावरून सांगता आलं पाहिजे. मग गेल्या महिन्यात पेढीवर खरोखर विचारले गेलेले वीस प्रश्न एजंटला विचारा. प्रत्येक वेळी त्याने कोणतं टूल घेतलं ते वहीत टिपा आणि जिथे चुकला तेवढे प्रश्न मला पाठवा.