ननावॉडिंगची भुतं: मेलबर्नला निघालेल्या एका आईला उत्तर

मधुराताई,

तुमचे प्रश्न थोडक्यात असे होते: मिस्टरांची बदली मेलबर्नला झाली आहे, ऑफिस पूर्वेकडच्या उपनगरांत आहे, मुलगी चौदाची, नागपूरला रोज दोन तास बास्केटबॉल खेळते. कुणीतरी 'ननावॉडिंग स्पेक्टर्स' हे नाव सुचवलं. हा क्लब खरा आहे का, 'सेमी-प्रो' म्हणजे नक्की काय, आणि भारतातून आलेल्या मुलीला तिथे कोण उभं करणार?

मी इथे २००६ पासून आहे. धाकटा त्याच क्लबात वाढला. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नाव. मी पहिलं वर्षभर 'नुनावाडिंग' म्हणत होते, वाडी असल्यासारखं. इथले लोक 'ननावॉडिंग' म्हणतात आणि तेही एका घोटात गिळून. दुसरी गंमत म्हणजे याच नावाचं रेल्वे स्टेशन आहे, आणि स्टेडियम तिथे नाही! ते बरंच दक्षिणेला, बरवूड हायवेवर, बरवूड ईस्टमध्ये आहे. पहिल्या दिवशी मी मुलाला घेऊन स्टेशनवर उतरले आणि अर्धा तास उन्हात विचारत फिरले. तुम्ही तसं करू नका, ७५ नंबरची ट्राम हायवेवरूनच जाते. आणि 'स्पेक्टर' म्हणजे भूत. मुलाची पहिली जर्सी आली तेव्हा सासूबाई इथेच होत्या. छातीवर काय लिहिलंय ते कळल्यावर त्यांनी आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मग घालू दिली.

आता इतिहास. कारण क्लब कसा आहे हे त्याच्या आजच्या वेबसाइटवरून कळत नाही, त्याच्यावर काय काय गुदरलं त्यावरून कळतं.

ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लीग, एनबीएल, १९७९ मध्ये सुरू झाली. दहा संघ होते आणि त्यात ननावॉडिंग होतं. म्हणजे एका उपनगराचा संघ थेट देशाच्या पहिल्या लीगमध्ये. आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा लीग अशीच होती: सेंट किल्डा, ग्लेनेल्ग, बँक्सटाऊन, सगळी गल्लीतली नावं. १९८१ मध्ये स्पेक्टर्स अंतिम सामन्यात पोचले आणि टास्मानियातल्या लॉन्सेस्टनकडून ७५–५४ असे सडकून हरले. तो विजेता लॉन्सेस्टन संघ पुढच्याच हंगामानंतर लीगमधून गायब झाला. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

पुरुषांना कप मिळाला नाही, पण बायकांनी घर भरलं. महिलांची राष्ट्रीय लीग १९८१ मध्ये सुरू झाली, आणि त्या दशकात ननावॉडिंगच्या महिलांनी सहा विजेतेपदं घेतली. प्रशिक्षक टॉम माहेर. संघात रॉबिन माहेर होती, जिच्या कप्तानीखाली ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. तेव्हाही प्रशिक्षक टॉम माहेरच, आणि २००० ला सिडनीत त्यांच्याच हाताखाली रौप्य आलं. आणि मिशेल टिम्स होती, जी पुढे युरोपात व्यावसायिक खेळली, १९९७ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या अगदी पहिल्या हंगामात फीनिक्सकडून उतरली, आणि २०२४ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलच्या सन्मानदालनात गेली. तुमच्या मुलीला हे नाव आत्ताच सांगून ठेवा. मुलींचा खेळ इथे कुणी उपकार म्हणून चालवत नाही. या क्लबात तर खरी दिवाळी मुलींनीच साजरी केली आहे.

पुरुषांचं पुढे काय झालं? ऐंशीच्या दशकात लीग चकचकीत होत गेली. टीव्ही आला, मोठी स्टेडियमं आली, अमेरिकन खेळाडूंचे पगार आले. उपनगराचं नाव लहान वाटायला लागलं, म्हणून १९८७ पासून 'ईस्टसाइड स्पेक्टर्स' असं नाव झालं. ब्रायन गोर्जन हे कॅलिफोर्नियाहून आलेले गृहस्थ प्रशिक्षक झाले, आणि १९९१ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. पर्थ वाइल्डकॅट्सविरुद्ध तीन सामन्यांची मालिका, २–१ ने हरले. म्हणजे देशात दुसरे आले. आणि त्याच वर्षी तो संघ संपला.

हो, दुसरा क्रमांक मिळवून संपला. एकट्या मेलबर्नमध्ये तेव्हा एनबीएलचे चार संघ होते, तेवढ्यांना पुरेल इतका पैसा शहरात नव्हता. ईस्टसाइड आणि सदर्न मेलबर्न सेंट्स (म्हणजे मूळचे सेंट किल्डा, पहिले दोन्ही कप जिंकलेले) यांना एकत्र करून 'साउथ ईस्ट मेलबर्न मॅजिक' उभा केला. गोर्जन तिकडे गेले. मॅजिकने १९९२ मध्ये, पहिल्याच वर्षी, कप उचलला. १९९६ मध्ये पुन्हा. मग १९९८ मध्ये मॅजिकही दुसऱ्या एका संघात विलीन होऊन 'व्हिक्टोरिया टायटन्स' झाला, आणि काही वर्षांत तोही बुडाला. गोर्जन मात्र तरले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांना पहिलं पदक, कांस्य, मिळालं तेव्हा प्रशिक्षक तेच होते.

आता बघा, लॉन्सेस्टन गेलं, सेंट्स गेले, मॅजिक गेला, टायटन्स गेले. ननावॉडिंग राहिलं. कसं? वरचा मजला कोसळला तरी तळमजल्यावर शनिवारी सकाळी पोरं खेळतच होती. त्यांच्या फीवर, कँटीनच्या चहावर, आईबापांच्या फुकट मेहनतीवर इमारत उभी होती. मोठ्या संघाचा परवाना गेला तेव्हा क्लबाने तेच 'स्पेक्टर्स' नाव उचलून खालच्या पातळीवर खेळायला सुरुवात केली. तिथली मुख्य स्पर्धा म्हणजे एसईएबीएल, ती १९८१ पासून चालत होती आणि २०१८ ला बंद झाली. तिच्या जागी २०१९ मध्ये 'एनबीएल१' आली, आणि तिचं पहिलंवहिलं पुरुष विजेतेपद कुणी जिंकलं? ननावॉडिंगने! १९७९ पासून ज्या कपासाठी जीव टाकला तो नव्हे, पण त्या रात्री स्टँडमधले पिकल्या केसांचे लोक ज्या तऱ्हेने रडत होते, ते बघून मला हिशेब कळला. पुढच्याच वर्षी कोविडने हंगाम रद्द झाला, त्यामुळे आनंदही पुरेसा मिरवता आला नाही.

आता 'सेमी-प्रो' म्हणजे काय. एनबीएल१ चा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळा. मोठी एनबीएल १९९८ पासून उन्हाळ्यात खेळते, त्यामुळे हिवाळ्यात रिकामे असलेले तिचे काही खेळाडू इथे उतरतात. एक-दोन अमेरिकन असतात, परदेशी खेळाडूंच्या संख्येला मर्यादा आहे. बाकीचे? दिवसा फिजिओ, शिक्षक, इलेक्ट्रिशियन, कॉलेजची पोरं. संध्याकाळी सराव, शनिवारी रात्री सामना. काहींना मानधन, काहींना फक्त बूट. याच्यावर घर चालवायची स्वप्नं मुलीला दाखवू नका. पण याचा एक फायदा तुम्हाला नागपुरात मिळणार नाही: शनिवारी ज्या बाईला तुमची मुलगी टाळ्या वाजवते, तीच मंगळवारी तिच्या संघाला पायाची ठेवण शिकवत असते.

मुलांची रचना दोन पदरी आहे. पहिली 'डोमेस्टिक': शनिवारचे सामने, शाळेतल्या मैत्रिणींचा संघ, कुणालाही प्रवेश. दुसरी 'रेप', म्हणजे क्लबाचं प्रतिनिधित्व: शुक्रवारी रात्री, व्हीजेबीएल नावाच्या राज्यस्तरीय स्पर्धेत. तिच्यासाठी निवड चाचणी असते, आणि ती होते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. आमची मोठी चूक तिथे झाली. 'शाळा फेब्रुवारीत सुरू होते, तेव्हा बघू' असं म्हणून थांबलो. बघायला गेलो तेव्हा संघ ठरून, गणवेश वाटून झाले होते. धाकट्याने वर्षभर डोमेस्टिकच खेळलं. त्याचं काही बिघडलं नाही, माझाच जीव वरखाली. तुम्ही जानेवारीत येत असाल तर आत्ताच क्लबाला मेल टाका, मुलीची उंची, संघात ती कुठल्या जागेवर खेळते, राज्य पातळीवर खेळली असेल तर तेही कळवा. उशिरा आलेल्यांना कधी कधी सरावाला बोलावून बघतात. खात्री मात्र देत नाहीत.

'भारतातून आलेल्या मुलीला कोण उभं करणार' याचं उत्तर ननावॉडिंगपासून तीन स्टेशनं पुढे आहे, रिंगवूडला. मी आले त्याच मार्चमध्ये इथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, आणि त्यात पहिल्यांदाच बास्केटबॉल होतं. दिव्या सिंगच्या कप्तानीखाली आपल्या मुलीही आल्या होत्या. २००६ ते २००८ च्या दरम्यान केरळची गीतू ॲना जोस, सहा फूट दोन इंच, रिंगवूड हॉक्सकडून 'बिग व्ही'मध्ये खेळली. ही व्हिक्टोरिया राज्याची लीग, एनबीएल१ च्या एक पायरी खाली. पुढे २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांनी तिला चाचणीला बोलावलं. म्हणजे वाट कुणीतरी आधीच मळून ठेवली आहे. मात्र मुलगी अठराची झाल्यावर आली असती, तर भारताच्या फेडरेशनकडून ना-हरकत पत्राची भानगड आली असती. चौदाला काय कागद लागतात ते मात्र क्लबालाच विचारून घ्या.

पैशाचं स्पष्ट सांगते. मुंबईत नागपाड्याच्या बच्चूखान मैदानावर गरिबाघरची पोरं खेळून भारतापर्यंत गेली, ती परंपरा डोक्यात ठेवून इथे याल तर दचकाल. इथे प्रत्येक गोष्टीची फी आहे: नोंदणी, गणवेश, सराव. दारात प्रेक्षक म्हणून शिरायचेही कधी पैसे पडतात. आणि पैशापेक्षा जास्त वेळ जातो. शुक्रवारी रात्री साडेआठचा सामना फ्रँकस्टनला, पाऊस, परत यायला अकरा. स्कोअरच्या टेबलावर पालकांची पाळी असते. सुरुवातीला मी 'मला येत नाही' म्हणून टाळायचे. शेवटी एका आजोबांनी शेजारी बसवून घड्याळ हातात दिलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या इथल्या सगळ्या मैत्रिणी त्या टेबलावरच्या आहेत. संघ सांभाळायचा असेल तर मुलांसोबत काम करण्याचा सरकारी परवाना काढावा लागतो, स्वयंसेवकांना तो फुकट असतो. मुलीला म्हणावं, जरा मोठी झालीस की पंचाचा कोर्स कर. लहान मुलांच्या सामन्यांना शिट्टी वाजवून इथली पोरं स्वतःच्या बुटांचे पैसे काढतात.

घर कुठे घ्यायचं? बरवूड ईस्ट, व्हरमाँट साउथ, फॉरेस्ट हिल, ब्लॅकबर्न साउथ, यांपैकी कुठूनही स्टेडियम गाडीने दहा-पंधरा मिनिटांत. पण सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, म्हणून आधी शाळेची हद्द बघा, मग भाडं, आणि क्लब सगळ्यात शेवटी. आणि स्पेक्टर्समध्ये जागा नाहीच मिळाली तर हिरमुसू नका. नॉक्स, किलसिथ, वेव्हर्ली हे शेजारी तितकेच जुने खोड आहेत. माझ्या भुतांना हे कळू देऊ नका म्हणजे झालं.

मुलीचे सिमेंटवर घासलेले बूट तिकडेच ठेवून या, इथे लाकडी फरशीवर ते घसरतात. आल्यावर कुठल्याही शनिवारी सकाळी या, मी कँटीनच्या बाजूच्या तीन नंबरच्या कोर्टाशी असते. सासूबाईंनी दिलेली मीठमोहऱ्यांची पुरचुंडी अजून माझ्या पर्समध्ये आहे.