हरकतीच्या नोटिशीला उत्तर देण्याची दोन महिन्यांची मुदत

वेंगुर्ल्याच्या एका भगिनींनी आपल्या घरगुती कोकम सरबताच्या नावाची व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदणी व्हावी यासाठी गेल्या वर्षी भाच्याकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतला. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या अधिकृत पत्रिकेत, प्रसिद्ध झाल्यावर रत्नागिरीच्या एका उत्पादकाने त्याला हरकत घेतली. हरकतीची नोटीस ४ मे रोजी भाच्याच्या ई-मेलवर आली. तो पुण्यात नोकरीला आणि घरी कोकमाचा हंगाम, त्यामुळे ती जूनच्या मध्यावर वाचली गेली. टपालाने काहीच आलेले नाही, आणि हरकतदाराने फोन करून ‘पाऊस सरला की बसून बोलू’ असे सांगितले आहे, तेव्हा गणपतीनंतर उत्तर दिले तर चालेल का, असे त्या विचारतात. देवगडच्या आंबा बागायतदारांकडून आणि मालवणच्या मसालेवाल्यांकडूनही याच अर्थाची पत्रे मला आलेली आहेत.

चालणार नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २१(२) प्रमाणे हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने काउंटर स्टेटमेंट, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, दाखल केले नाही, तर त्याने अर्ज सोडून दिला असे मानले जाते. हरकतीत तथ्य आहे की नाही हे मग कोणी पाहतच नाही. मुदत वाढवून देण्याचा जो अधिकार कलम १३१ ने रजिस्ट्रारला दिला आहे, तो अधिनियमातच ठरवून दिलेल्या मुदतींना लागू होत नाही, त्यामुळे हंगाम, आजारपण किंवा भाच्याची नोकरी यांपैकी कोणतेही कारण तेथे उपयोगी पडणार नाही.

टपालाची वाट पाहण्यातही अर्थ नाही. २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांतील नियम १८ नुसार अर्जात दिलेल्या ई-मेलवर पत्र पाठवले की ते पोहोचले असे धरले जाते. नुसता मेल पाठवणे म्हणजे प्रत मिळणे नव्हे, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे हे खरे; परंतु तो आधार मुदत हुकल्यावर उच्च न्यायालयात जाऊन घ्यावा लागतो, आणि जिच्या हाती अजून दिवस शिल्लक आहेत अशा व्यक्तीने त्याच्या भरवशावर राहू नये. म्हणून आपली शेवटची तारीख ४ जुलै आहे असेच समजावे आणि उत्तर जूनमध्येच दाखल करावे, कारण आपल्याकडे पावसात वीज आणि इंटरनेट दोन्ही किती दिवस बेपत्ता होतात हे आपण जाणताच.

उत्तर टीएम-ओ या नमुन्यात द्यायचे असून ऑनलाइन शुल्क मालाच्या प्रत्येक वर्गाला २,७०० रुपये आहे. हरकतीतील कोणती विधाने मान्य आहेत आणि कोणती नाहीत हे त्यात स्पष्ट लिहावे लागते व तळाशी मजकूर खरा असल्याची पडताळणी आपल्या सहीनिशी लागते. पुरावे नंतरच्या टप्प्यावर द्यायचे असतात. जुनी बिले गोळा होईपर्यंत उत्तर अडवून ठेवू नये.

मला खरा राग येतो तो अर्ज भरतानाच्या बेफिकिरीचा. ज्या नावावर घर चालते, त्याच्या अर्जात स्वतःचा ई-मेल द्यायचा नाही आणि वर्षभर संकेतस्थळावर अर्जाची स्थिती एकदाही पाहायची नाही, हे कसे? शिवाय आपण २०१४ पासून सरबत विकत असताना अर्जात ‘वापर प्रस्तावित’, म्हणजे नाव अजून वापरात आलेले नाही, असे लिहिले गेले आहे. ही चूक दुरुस्त करून मिळेलच असे नाही, मात्र हरकतदाराच्या आधीपासून आपला वापर सलग चालू असेल तर कलम ३४ चे संरक्षण मिळू शकते, आणि त्यासाठी अन्न परवाना, दुकानदारांची बिले, प्रदर्शनातील स्टॉलच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बाटलीवर वर्तुळातील आर (®, म्हणजे नाव नोंदलेले असल्याची खूण) छापला असल्यास तो आजच काढावा. नोंदणीपूर्वी तो वापरण्यास कलम १०७ ने मनाई आहे.

नाव अखेर नोंद होईल का, हे दोन्ही नावे समोर ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही. ‘कोकम’ या शब्दावर कोणालाच मक्तेदारी मिळत नाही, म्हणून साम्य उरलेल्या भागात आहे का ते पाहावे लागेल. सुनावणी कधी लागेल हेही मी सांगू शकत नाही. हरकतीची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि जे कार्यालय स्वतः एवढा वेळ घेते ते अर्जदाराला एका दिवसाचीही सवलत देत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. अर्ज गेला तर नवा करता येतो, पण त्याची तारीख नवी असते, शुल्क पुन्हा भरावे लागते आणि हरकतीसाठी चार महिने पुन्हा खुले होतात.

हरकतदाराशी बोलणी जरूर करावीत, तडजोडीने अशी अनेक प्रकरणे मिटतात. मात्र बोलणी चालू असली म्हणून मुदत थांबत नाही, आणि ४ जुलै उलटल्यावर त्यांना आपल्याशी बोलण्याची गरजही उरणार नाही. आधी उत्तर दाखल करून त्याची पोच हाती घ्यावी, मग रत्नागिरीला फोन करावा.