माओवादी प्रचार आदिवासी मुलींना कसा ओढतो? शिक्षणानं ते थांबतं का?

नुसत्या शिक्षणानं थांबत नाही. अनुराधा गांधी एम.फिल. होत्या, नागपुरात प्राध्यापकी करत होत्या, आणि २००८ साली मलेरियानं गेल्या तेव्हा माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीवर होत्या.

मी गडचिरोलीत, भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायचे. नववीतल्या एका माडिया मुलीच्या वहीत, भूमितीच्या मागच्या पानावर, दलमच्या, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, नाट्य मंचाचं गाणं सापडलं. लिपी देवनागरी, भाषा माडिया. जबरदस्तीची लग्नं आणि पाळीत कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, बसवणं, यांवरचं. तिचं लग्न मामाच्या मुलाशी ठरलेलं आणि तिला ते नको होतं. शाळेत हे कुणी तिला विचारलंच नव्हतं. जंगलातल्यांनी विचारलं होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, दाखला हातात द्या, पोलिसांची भानगड नको. मी कडाडून भांडले. दाखला दिला असता तर ती दुसरीकडे कुठे जाणार होती? तिच्या गावी गेले, आईशी माडियात बोलले. लग्नाचं दहावीनंतर बघू, एवढंच कबूल करून घेतलं. मुलीला शरण आलेल्या बायका काय सांगतात तेही सांगितलं: दलममध्ये लग्न करायचं तर आधी नवऱ्याची नसबंदी. नवरा तू निवड म्हणणारेच मूल होऊ द्यायचं नाही, हे परस्पर ठरवतात. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाई, इथं राहून लग्न मोडायला कोण येईल?" बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची, आणि त्यांच्या गावात ग्रामसेवक क्वचितच दिसायचा.

म्हणून देशभक्तीची व्याख्यानं ठेवू नका. वसतिगृहात मुलींना मनातलं सांगता येईल अशी अधीक्षिका द्या, पहिली काही वर्षं माडियातून शिकवा. आमच्या मुख्याध्यापकांनी वर्गात माडियाला बंदी घातली होती, मराठी बिघडते म्हणून. दलमची गाणी माडियात, आमचे धडे मराठीत. पोरगी कुणाचं ऐकेल?

अर्थात दलममध्ये गेलेल्या सगळ्याच मुली गाण्यांमुळे गेल्या नाहीत. काहींवर गावातून दबाव होता, काहींच्या घरच्यांना पोलिसांचा जाच झाला होता. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ जणांसह शरण आल्यावर गडचिरोलीत दलम फारसं उरलेलं नाही.

ती मुलगी पुढे एएनएम, म्हणजे आरोग्य केंद्रातली नर्स, झाली. मुख्याध्यापक निवृत्त झालेत, भेटले की म्हणतात, "नशिबानं निभावलं तुमचं." नशिबाचा काय संबंध? मराठीतून त्या आईला मी एक वाक्यही समजावू शकले नसते, आणि माडिया तर त्यांनी शाळेतून हद्दपार केली होती.