माणसामुळे निसर्गाचं नुकसान होतंय हे सगळ्यांनाच माहीत आहे, मग वर्षानुवर्षं नुसती मोजदाद कशाला?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पर्यावरणशास्त्र शिकताय, आणि पक्षी मोजण्यावर, पाणी तपासण्यावर जाणारा पैसा सरळ झाडं लावायला वापरावा असं तुम्हाला वाटतं. मी दक्षिण रायगडात तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हातून दिल्या गेलेल्या इंजेक्शनांत आहे, म्हणून तेच सांगतो.

१९९०च्या दशकात आमच्या बॅगेत डायक्लोफिनॅक हे दुखणं आणि सूज उतरवणारं औषध आलं. ३० मिलीची बाटली, परवडणारी किंमत आणि झटकन गुण. कास सुजलेली गाय असो की ताप भरलेली म्हैस, संध्याकाळी टोचलं की सकाळी जनावर वैरणीला तोंड लावायचं. एकदा चिखलणीच्या ऐन दिवसांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल बसला तो उठेना. मी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रस्त्यातच गाठलं, "डॉक्टर, उठला हो! गवत पण खाल्लान." पण बैल आतून खचलेला होता. तिसऱ्या दिवशी गेला. गुरं टाकायची जागा वहाळापलीकडे होती, तिथे त्याला ओढत नेला. दुपारपर्यंत गिधाडं उतरली आणि तासाभरात नुसता सांगाडा राहिला. रोजचं दृश्य. त्यात वावगं असं मला काहीच दिसलं नाही, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसणारही नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत गिधाडं दिसेनाशी झाली. प्रत्येकाकडे स्वतःचं कारण होतं. कुणी म्हणे घाटावर गेली, कुणी म्हणे झाडं तोडली म्हणून गेली. पण आमच्याकडची आंब्याची, सातविणीची उंच झाडं जागच्या जागी उभी होती. घरटी तेवढी रिकामी होती. झाडं लावण्याचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

खरं काय झालं ते कळलं ते राजस्थानातल्या भरतपूरमुळे. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. दहा वर्षांनी पुन्हा मोजलं तर निम्म्याही उरल्या नव्हत्या, आणि आणखी काही वर्षांत एकही नाही. दुसरी नोंद रस्त्यांवरची. १९९१ ते १९९३ मध्ये याच संस्थेने शिकारी पक्ष्यांच्या पाहणीसाठी देशात ठिकठिकाणी रस्त्याने गाडी नेत दिसतील ते पक्षी लिहून ठेवले होते. त्या वेळी गिधाडं उदंड होती. ती संकटात आहेत असं कुणाच्या मनातही नव्हतं, तरी मोजली. २००० मध्ये त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजलं तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त गायब. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचं प्रमाण हजाराला एक एवढं उरलं. ती पहिली वही नसती तर दुसऱ्या वहीला काही अर्थच नव्हता. आपण अजूनही "हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा" एवढंच म्हणत बसलो असतो.

घट कळली तरी कारण लगेच सापडलं नाही. आधी विषाणूजन्य रोगाचा संशय होता, कीटकनाशकांचाही होता. पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स हे पशुवैद्यकीय संशोधक आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून तपासत होते. बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर मिळे. मूत्रपिंड निकामी झालं की युरिक आम्ल असं साठतं. विषाणू, जड धातू, कीटकनाशकं, एकेक शक्यता बाद झाली. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: गिधाडं खातात ती मेलेली गुरं, मग त्या गुरांना कोणतं औषध दिलं जातं? हा थर असलेल्या २५ गिधाडांची तपासणी झाली, तर पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफिनॅक. थर नसलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बैल, वहाळ, उतरलेली गिधाडं, सगळं डोळ्यांपुढे आलं.

माझी अडचण एकच होती. मी टोचलेली बहुतेक जनावरं तर बरी झाली होती! थोडीशीच मेली. तेवढ्याने एवढा मोठा पक्षी कसा संपेल? याचंही उत्तर मोजणीतूनच आलं. गिधाडांची संख्या किती वेगाने घसरली याची आकडेवारी हाताशी होती, त्यावरून संशोधकांनी हिशेब मांडला की शंभर मेलेल्या जनावरांमागे एकाहून कमी जनावर विषारी असलं तरी एवढी घट होऊ शकते. एका ढोरावर आख्खा थवा जेवतो. वर गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. एका दिवशी मेलेल्या वीस पक्ष्यांची जागा भरायला किती वर्षं लागतील, तुम्हीच हिशेब करा.

गिधाडं गेली आणि वहाळापलीकडे कुत्री आली. गुरं आठ-आठ दिवस कुजत पडायची, पलीकडून वारा आला की दारं लावून घ्यावी लागत. आमच्या तालुक्यात आम्ही हे "घाण वाढली" एवढ्यावर सोडून दिलं. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं होती आणि ज्यांत फारशी नव्हती, त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांचा अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त दगावली. दूषित पाणी, पिसाळलेली कुत्री. परिसंस्था हा शब्द पुस्तकात वाचताना जरा लांबचा वाटतो, पण तो आपल्या विहिरीपर्यंत येऊन पोचलेला असतो.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. काम संपलं असं आम्हालाही वाटलं. पण दुकानात तीच ३० मिलीची बाटली "माणसांसाठी" अशा लेबलाने मिळत राहिली. माणसाला एका वेळी ३ मिली पुरतं; मोठी बाटली कुणासाठी जात होती ते दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. औषध दुकानांची पाहणी आणि मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासणं चालूच ठेवलं होतं म्हणून ही पळवाट कागदावर आली, आणि २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनालाही ३ मिलीची मर्यादा लागली. पुढे अशाच तपासण्यांतून इतर काही औषधंही गिधाडांना घातक निघाली. त्यांतल्या कीटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचं दुसरं औषध मात्र सुरक्षित ठरलं. मी शेवटची बरीच वर्षं तेच वापरलं. गुण यायला जरा वेळ लागतो अशी तक्रार ऐकून घेतली, पण वापरलं.

आता निवृत्तीनंतर मी घरटी मोजतो. म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी गिधाडांची झाडं राखली, म्हणून या भागात पक्षी टिकले. लांबून दुर्बिणीने बघायचं, झाडाचा क्रमांक, तारीख, घरट्यात कोण आहे ते लिहायचं. पानांवर चुना उडवल्यासारखी विष्ठा दिसली की घरटं वापरात आहे असं समजायचं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि माझ्या वहीतली काही झाडं आडवी झाली. पुढच्या हंगामात त्या जोड्या कुठे गेल्या हे शोधता आलं, कारण आदल्या वर्षी त्या कुठे होत्या ते लिहिलेलं होतं.

सुरुवात कुठून करू, असंही तुम्ही विचारलंय. दुर्मिळ पक्ष्याच्या मागे लागू नका. घारी घ्या, कावळे घ्या, साळुंक्या घ्या. घर ते कॉलेज हा एकच रस्ता, आठवड्यातला एकच वार, एकच वेळ. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. कोऱ्या रकान्यावरून तुम्ही गेलाच नव्हता की पक्षी नव्हते, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आणि इकडे यायचं झालं तर फेब्रुवारीत या. तेव्हा पिल्लं घरट्यात असतात आणि सकाळी दहाच्या सुमारास, ऊन तापलं की मोठी गिधाडं झाडावरून उठतात. दुर्बीण माझ्याकडे आहे, वही तुमची आणा.