पेन ड्राइव्ह घेतलास ना, मग हे ऐक

अरे आधी एक्सफॅटमध्ये (ड्राइव्हवर फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट कर, जुन्या फॅट३२ पद्धतीवर ४ जीबीहून मोठी फाइल जातच नाही. व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर), लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), सेव्हन-झिप (फाइली एकत्र दाबून ठेवणारं) पोर्टेबलवाले टाक, इन्स्टॉल न करता चालतात. आधार, पॅन, मार्कशीट मात्र उघडं ठेवू नकोस, सेव्हन-झिपमध्ये ७झेड फॉरमॅट निवडून पासवर्ड लाव आणि फाइलींची नावं लपवायची टिक पण कर, लोक नेमकं तेच विसरतात. व्हेराक्रिप्ट (ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) भारी आहे पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिन परवानगी मागत बसतं.

इथे इंदूरला राजवाड्याजवळ एका झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला गेलो तर सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले, व्हायरस, फाइली आतच लपलेल्या होत्या म्हणून अ‍ॅट्रिब कमांडने (फाइलींवरचा 'लपवलेली' शिक्का काढणारी विंडोजची आज्ञा) परत आल्या पण घाम फुटला ना राव! आता प्रिंटला जुना ४ जीबीवाला नेतो, त्यात तेवढी एकच पीडीएफ.